कॅटलन लेखकावर नाशिकमध्ये तासभर बोलायचं असेल तर

वाचनकट्ट्यावर बोलायची पाळी आली की बहुतेक जण ओळखीचा लेखक निवडतात. माझा सल्ला उलटा आहे. सभागृहात एकानेही ज्याचं नाव ऐकलेलं नाही असा लेखक निवडा आणि त्याच्यासाठी कष्ट घ्या. मी नाशिकच्या कोर्टात दिवाणी वकिली करते, उरलेल्या वेळात वाचते आणि आमच्या वाचनगटात परभाषेतल्या लेखकांच्या आयुष्यावर बोलते. त्यातलं मला सगळ्यात जवळचं व्याख्यान जोआन फुस्तेर यांच्यावरचं. कॅटलन भाषेतले निबंधकार, वालेन्सियाच्या भाषिक राष्ट्रवादाची मांडणी करणारे लेखक, शिक्षणाने वकील, आणि जन्मभर एका भाताच्या गावात राहिलेला माणूस.

हे व्याख्यान कसं उभं करायचं ते लिहिते. फुस्तेर यांच्याजागी दुसरा कुणी लेखक घेतलात तरी तयारीची रीत हीच राहील. नाशिकचा श्रोता डोळ्यांपुढे ठेवून लिहिते आहे. इथे मे महिनाभर गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला चालते, १८४० सालचं सार्वजनिक वाचनालय अजून नांदतं आहे. लोकांना ऐकायची सवय आहे. वक्त्याने वरवर वाचलं आहे की मुळातून, हे त्यांना पाच मिनिटांत कळतं.

सगळ्यात आधी एक मोह टाळा. फुस्तेर म्हणजे 'त्यांचे टिळक' किंवा 'त्यांचे सावरकर' असं म्हणू नका. भगूर आपल्याला हाकेच्या अंतरावर, त्यामुळे राष्ट्रवाद म्हटलं की नाशिकमध्ये डोळ्यांपुढे ठरावीक चित्रं येतात. अशी तुलना केली की श्रोत्याला सगळं कळल्यासारखं वाटतं आणि त्याचं ऐकणं तिथेच थांबतं. फुस्तेर सभा गाजवणारे पुढारी नव्हते. ते रात्ररात्र जागून लिहीत. त्यांना त्यांच्याच गावात, त्यांच्याच टेबलाशी बसलेलं दाखवायचं आहे.

नकाशा हाताने काढा

प्रोजेक्टरवर स्पेनचा रंगीत नकाशा टाकू नका. त्यात लोक माद्रिद शोधतात, बार्सिलोना शोधतात, आणि तुमच्याकडे बघत नाहीत. फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर स्पेनचा भूमध्य समुद्रावरचा पूर्व किनारा एका रेषेने काढा. वरच्या टोकाला बार्सिलोना. तिथून खाली साडेतीनशे किलोमीटरवर वालेन्सिया शहर. त्याच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर स्वेका. मधे आल्बुफेरा नावाचं मोठं गोड्या पाण्याचं सरोवर, खाली शूकेर नदी, आणि सगळीकडे भातखाचरं. इगतपुरी-त्र्यंबककडचा भात आपल्या लोकांनी पाहिलेला असतो. त्यांना सांगा की तिथला भात डोंगरउताराचा, पावसाच्या भरवशाचा नाही, समुद्रसपाटीवरच्या चिखलात पाटाच्या पाण्यावर पिकतो. पाएल्या हा पदार्थ ज्यांनी हॉटेलात खाल्ला असेल त्यांना तो याच भागातला, हे सांगितलंत तर ते स्वेका विसरणार नाहीत.

आता दुसऱ्या रंगाने भाषेचा पट्टा काढा. कॅटलन भाषा फक्त कॅटलोनियाची नाही. कॅटलोनिया, वालेन्सियाचा किनारी भाग, मायोर्कासकट बालेआरिक बेटं, पिरेनीज डोंगरातला आंदोरा हा चिमुकला देश (तिथे ती राजभाषा आहे), फ्रान्सच्या हद्दीतला पर्पिन्याभोवतीचा भाग, आणि सार्डिनिया बेटावरचं आल्गेरो हे एकच शहर. एवढ्या भागात मिळून सुमारे एक कोटी लोक ती बोलू शकतात. वालेन्सियात किनाऱ्यालगत ती बोलतात, तिला तिथे वालेन्सियन म्हणतात. आतल्या डोंगराळ तालुक्यांत मात्र पिढ्यान्‌पिढ्या स्पॅनिश. किनारा एका रंगाने, आतला भाग दुसऱ्या. हे दोन रंग दाखवल्याशिवाय पुढचं काहीही समजत नाही, म्हणून त्याला दहा मिनिटं गेली तरी जाऊ द्या.

नावांचे उच्चार आदल्या दिवशी मोठ्याने म्हणून घ्या. रोमन लिपीतलं नाव आपण इंग्रजीसारखं वाचतो आणि जोआनचं 'जोन' होतं. लोकांना वाटतं, लेखिका आहे. माहितीपत्रकावर सगळी नावं देवनागरीतच छापा.

तारखांची यादी, दोन रकान्यांत

कोर्टात कुठलंही प्रकरण हातात घेतलं की आम्ही आधी तारखांची यादी करतो. बाकी युक्तिवाद नंतर. लेखकाच्या आयुष्यालाही मी तेच करते. एक लेजर पेपर घ्यायचा, मधोमध रेघ मारायची. डावीकडे माणसाचं आयुष्य, उजवीकडे देशाचं. एकाही तारखेपुढचा उजवा रकाना रिकामा ठेवायचा नाही. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण व्याख्यानातली चांगली वाक्यं मला या कागदावर सापडतात, पुस्तकात नाही.

बघा कसं होतं. डावीकडे: २३ नोव्हेंबर १९२२, स्वेका गावात जन्म. वडील लाकडातून संतांच्या मूर्ती घडवणारे कारागीर, शिवाय चित्रकला शिकवत. कट्टर कॅथलिक, कार्लिस्ट पंथाचे, म्हणजे जुन्या राजघराण्याच्या एका शाखेला आणि चर्चला मानणारे. घरात बोलणं वालेन्सियन, शाळा स्पॅनिश. उजवीकडे: १९३२, कास्तेयो शहरात वालेन्सियन लेखक एकत्र येतात आणि कॅटलोनियाशी मिळतंजुळतं शुद्धलेखन मान्य करतात. फुस्तेर तेव्हा दहा वर्षांचे, त्यांना याचा पत्ताही नसणार. पुढे आयुष्यभर ते ज्या नियमांनी लिहिणार होते ते असे त्यांच्या बालपणी ठरले. मग १९३६ ते १९३९ यादवी युद्ध. युद्ध सुरू झालं तेव्हा वय तेरा, संपलं तेव्हा सोळा. मग हुकूमशहा फ्रँकोची राजवट, १९७५ पर्यंत.

इथे थांबा आणि श्रोत्यांना ती राजवट भाषेच्या बाजूने समजावून सांगा. शाळेत कॅटलन नाही, सरकारी कचेरीत नाही, कोर्टात नाही. सुरुवातीच्या वर्षांत वर्तमानपत्र नाही, दुसऱ्या भाषेतून कॅटलनमध्ये अनुवाद करायला परवानगी नाही. कवितेची छोटी पुस्तकं तेवढी सेन्सॉरच्या हातून सुटत, कारण ती वाचणारे मूठभर. हे सांगितलंत की डाव्या रकान्यातली पुढची नोंद आपोआप बोलू लागते: १९४८, पहिला कवितासंग्रह. तरुण लेखक कविता लिहितात तशा त्यांनीही लिहिल्या, हे खरंच. पण त्या काळी त्या भाषेत छापून यायला दुसरा दरवाजाही नव्हता.

१९४७ साली ते वालेन्सिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडले. काही वर्षं वकिली केली, मग सोडली आणि वर्तमानपत्री लेखांवर गुजराण केली. मी वकील असल्यामुळे मला या नोंदीपाशी थोडं रेंगाळावंसं वाटतं. पक्षकाराने सकाळी मातृभाषेत सांगितलेली तक्रार दुपारी अनोळखी भाषेत टाइप करायची, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं. आपल्याकडे निदान तालुका कोर्टात मराठीतून जबाब होतो, रोजनामा मराठीत लिहिला जातो. स्वेकाच्या शेतकऱ्याला ती सोय नव्हती. तुम्ही शिक्षक असाल तर शाळेच्या नोंदीपाशी रेंगाळा, छापखान्यात असाल तर सेन्सॉरपाशी. वक्त्याला स्वतःच्या कामातून जे दिसतं ते उसन्या विद्वत्तेहून जास्त पोचतं.

यादीत १९५५ हे वर्ष ठळक करा. आधुनिक चित्रकलेवरचं त्यांचं पहिलं निबंधांचं पुस्तक तेव्हा आलं. नावाचा मराठीत भावार्थ 'वास्तवाची घसरलेली पत' असा करता येईल. इथून कवी मागे पडतो आणि निबंधकार पुढे येतो. त्यांचं दैवत फ्रेंच निबंधकार माँतेन. स्वतःच्या घरात बसून जगाविषयी शंका काढायची, कुठलंही मत पवित्र मानायचं नाही, वाक्य छोटं ठेवायचं, हा तो संप्रदाय. भाविक मूर्तिकाराचा मुलगा असा संशयवादी निघाला. पुढे अल्बेर कामूच्या कादंबऱ्या त्यांनी कॅटलनमध्ये आणल्या, यातही मला तीच ओढ दिसते.

१९६२: इथे वेळ घालवा

तासाच्या व्याख्यानातली वीस मिनिटं या एका वर्षाला आणि त्याच्या पुढच्या वर्षाला द्या. बाकी सगळं भराभर सांगितलं तरी चालेल.

बार्सिलोनात 'एदिसियोन्स ६२' ही प्रकाशनसंस्था निघाली आणि तिने पहिलं पुस्तक काढलं ते फुस्तेर यांचं: 'नुसाल्त्रेस, एल्स वालेन्सियान्स'. म्हणजे 'आम्ही, वालेन्सियाची माणसं'. हे पुस्तक काय म्हणतं ते श्रोत्यांना घटनाक्रमाने सांगा, सिद्धांत म्हणून सांगू नका. १२३८ साली राजा जाउमे पहिला याने मुसलमान राज्यकर्त्यांकडून वालेन्सिया शहर घेतलं. त्याच्यामागून वस्ती करायला आलेले लोक दोन ठिकाणचे: किनाऱ्यावर मुख्यतः कॅटलन, आतल्या भागात मुख्यतः शेजारच्या अरागॉनचे. तुमच्या नकाशावरचे दोन रंग इथून आले. मोठ्या संख्येने मुसलमान शेतकरी तिथेच राहिले. पुढे त्यांना बळजबरीने ख्रिस्ती केलं, मोरिस्को म्हटलं, आणि १६०९ साली राजाज्ञा काढून देशाबाहेर घालवलं. वालेन्सिया राज्याची जवळपास एक तृतीयांश लोकसंख्या गेली. गावंच्या गावं ओस पडली. १७०७ साली अल्मान्साच्या लढाईनंतर स्पेनच्या बोर्बोन राजाने वालेन्सियाचे स्वतःचे कायदे रद्द केले. नंतरच्या काळात शहरातली पैसेवाली मंडळी हळूहळू स्पॅनिश बोलू लागली. वालेन्सियन उरली शेतकऱ्यांच्या, कोळ्यांच्या आणि मजुरांच्या तोंडी.

फुस्तेर यांचा प्रश्न साधा आहे: आपण आहोत तसे का आहोत? त्यांचं उत्तर असं की वालेन्सियाची माणसं भाषेने आणि उगमाने कॅटलन लोकांच्याच कुटुंबातली आहेत, आणि हे ओळखून वागलं नाही तर ती माद्रिदचा एक प्रांत म्हणून विरघळून जातील. वालेन्सिया, कॅटलोनिया आणि बालेआरिक बेटं यांना मिळून 'पाइसुस कातालान्स', म्हणजे कॅटलन देश म्हणावं, हा आग्रह त्यांनी मांडला आणि रुजवला. लक्षात घ्या, हे लिहिताना देशात हुकूमशाही आहे. भाषणबंदी आहे, पक्षबंदी आहे. म्हणून इतिहासाच्या पुस्तकाला राजकारणाचं काम करावं लागलं. त्यांचं एक वाक्य तिकडे भिंतींवर लिहिलेलं असतं. त्याचा आशय असा की जे राजकारण आपण करणार नाही ते आपल्याविरुद्ध केलं जाईल. हे वाक्य व्याख्यानाच्या सुरुवातीला वापरू नका. इथे, १७०७ नंतर, वापरा.

त्याच वर्षी त्यांचं आणखी एक पुस्तक आलं, स्पॅनिशमध्ये. वालेन्सियाच्या प्रदेशाची ओळख करून देणारं, प्रवाशांच्या हातात द्यावं असं. गंमत म्हणजे वादळ उठलं ते मुख्यतः या पुस्तकावरून. कारण उघड आहे, ते सगळ्यांना वाचता येत होतं. वालेन्सियातल्या वर्तमानपत्रांतून त्यांच्याविरुद्ध मोहीम सुरू झाली. १९६३ च्या मार्चमध्ये फाल्येसच्या दिवसांत त्यांची प्रतिकृती जाळण्यात आली.

फाल्येस काय ते नीट समजावून सांगा, नाहीतर श्रोते समजतील की मोर्चातला पुतळा जाळला. वालेन्सियात वस्त्यावस्त्यांतून वर्षभर खपून लाकूड आणि कागदाच्या लगद्याची उंचच उंच शिल्पं उभी करतात. त्यात त्या वर्षीच्या घडामोडींची, मोठ्या माणसांची थट्टा असते. १९ मार्चच्या, संत जोसेफच्या सणाच्या रात्री ती सगळी पेटवतात. सगळं गाव रस्त्यावर असतं. ज्या सणात लेखकाच्या प्रदेशाचा सगळा आनंद गोळा होतो, त्याच सणात त्याची प्रतिमा जाळली गेली. आणि जाळणारे माद्रिदचे नव्हते. मी हे सांगते तेव्हा सभागृहात जे शांत होतं ते अजूनपर्यंत प्रत्येक वेळी झालं आहे. तिथे काही बोलू नका, पाणी प्या.

उलटतपास घ्या

तुमचा लेखक तुम्हाला आवडतो म्हणूनच त्याच्या विरोधकांचं म्हणणं पूर्ण ताकदीने मांडा. हा टप्पा गाळणाऱ्या वक्त्यावर मी विश्वास ठेवत नाही.

फुस्तेर यांच्या विरुद्ध दोन प्रकारचे आक्षेप आहेत, ते वेगळे ठेवा. पहिला इतिहासकारांचा. फुस्तेर यांनी वालेन्सिया म्हणजे शेतीचा, संत्री निर्यात करणारा, स्वतःचा कारखानदार वर्ग नसलेला प्रदेश असं चित्र काढलं. पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं की उद्योगधंदे त्यांना वाटले त्याहून बरेच जास्त होते. शिवाय आतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या भागाकडे त्यांनी अडचण म्हणून पाहिलं. तिथल्या माणसाला हे पुस्तक आपलं कसं वाटावं? हा आक्षेप मला वजनदार वाटतो, आणि मी तो व्याख्यानात तसाच मांडते.

दुसरा आक्षेप राजकीय. फ्रँको गेल्यानंतर, १९७५ पासून पुढची काही वर्षं वालेन्सियात झेंडा कोणता, प्रदेशाचं नाव काय, आणि वालेन्सियन ही कॅटलनच की वेगळी भाषा, यावर रस्त्यावर भांडणं झाली. वेगळी भाषा म्हणणाऱ्या बाजूने वेगळं शुद्धलेखनही तयार केलं. आणि इथे एक माणूस आवर्जून सांगा: शाव्हिएर कास्प. चाळिशीच्या दशकात वालेन्सिया शहरात ज्या थोड्या मंडळींनी ही भाषा जिवंत ठेवली, तरुण लेखकांना जमवलं, पुस्तकं छापली, त्यांत कास्प पुढे होते. फुस्तेर तिथे येत-जात. हेच कास्प पुढे विरोधी बाजूचे मोठे नाव झाले. दोघांचंही भाषेवर प्रेम. हा एक माणूस सांगितला की ते भांडण शत्रू-मित्राचं राहत नाही. जे एका मेजाभोवती बसले होते त्यांच्यातलं ते आहे हे कळतं.

मग बॉम्ब. नोव्हेंबर १९७८ मध्ये त्यांच्या स्वेकातल्या घरावर पहिला हल्ला झाला. ११ सप्टेंबर १९८१ च्या रात्री पुन्हा, या वेळी जास्त मोठा. घराचं, ग्रंथसंग्रहाचं आणि कागदपत्रांचं नुकसान झालं. फुस्तेर बचावले. कोणालाही शिक्षा झाली नाही. ११ सप्टेंबर हा कॅटलोनियाचा राष्ट्रीय दिवस, १७१४ साली बार्सिलोना पडलं त्याची आठवण. त्यामुळे तारीख नुसती वाचू नका, तिचा अर्थ सांगा. या भागात आवाज चढवायची गरज नाही. एफआयआर वाचतात तसं सपाट वाचा: वार, वेळ, जागा, नुकसान, आरोपी अज्ञात. विशेषणं लावली की लोक तुमच्याकडे बघतात, घराकडे बघत नाहीत.

ते घर

मला स्वतःला सगळ्यात जास्त ओढ त्या घराची आहे. जन्म स्वेकाचा, मरण स्वेकाचं, आणि मधली सगळी पुस्तकंही तिथेच लिहिलेली. बार्सिलोनात गेले असते तर मान होता, प्रकाशक होते, पैसा होता. ते गेले नाहीत. रात्री लिहायचे, उशिरा उठायचे, सिगारेट हातातून सुटायची नाही. विद्यार्थी, कवी, गायक, प्राध्यापक वालेन्सियाहून, बार्सिलोनाहून त्यांना भेटायला स्वेकाला यायचे आणि पुस्तकांच्या ढिगात बसून बोलायचे. परदेशात परागंदा झालेल्या कॅटलन लेखकांशी त्यांचा मोठा पत्रव्यवहार होता. बंदीच्या काळात विद्यापीठाने जे करायला हवं ते त्या घरात चालत होतं. आता ते घर संग्रहालय आहे.

आपल्याकडच्या श्रोत्याला हे चटकन भिडतं, कारण टिळकवाडीत तात्यासाहेबांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या घरी असंच कुणीही जाऊन बसत असे, हे सांगणारी माणसं नाशिकमध्ये अजून समोरच्या खुर्चीत असतात. त्यांना बोलू द्या. पाच मिनिटं त्यांच्या आठवणींना दिलीत तर तुमचं काही जात नाही. फक्त त्यानंतर स्वेकाला परत या.

पुढचं लवकर आवरा. १९७५ साली कॅटलन साहित्याचा सर्वोच्च सन्मान. १९८२ साली वालेन्सियाला स्वायत्तता मिळाली, पण प्रदेशाचं जे नाव फुस्तेर यांना हवं होतं ते मिळालं नाही. 'वालेन्सियन समुदाय' असं तडजोडीचं नाव आलं. १९८३ च्या कायद्याने भाषा शाळेत शिरली. साठी उलटल्यावर, १९८५ साली त्यांनी डॉक्टरेट केली आणि वालेन्सिया विद्यापीठात ते कॅटलनचे प्राध्यापक झाले. २१ जून १९९२ रोजी निधन. त्यानंतर महिनाभराने बार्सिलोना ऑलिंपिक सुरू झालं आणि कॅटलन ही त्या स्पर्धेची एक अधिकृत भाषा होती. सभागृहातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाला ते ऑलिंपिक आठवतं. तारीख मनात बसवायची असेल तर हाच आधार द्या. २००५ साली वालेन्सियाच्याच सरकारी भाषा अकादमीने निर्णय दिला की वालेन्सियन आणि कॅटलन ही एकच भाषा आहे. तो ऐकायला फुस्तेर नव्हते, कास्पही नव्हते.

वाचायचं काय आणि कसं

त्यांची सुविचारांची आणि कोशाच्या धर्तीवरच्या छोट्या निबंधांची पुस्तकं इंग्रजीत आली आहेत. तिथून सुरुवात करा. बाकीच्यासाठी मोबाइलवरचं भाषांतर वापरावं लागतं. कॅटलनमधून थेट मराठीत करू नका, आधी इंग्रजीत करा आणि तारखा, नावं मूळ मजकुराशी ताडून पाहा. सुविचार तर यंत्राकडून मुळीच घेऊ नका. फुस्तेर यांचं अर्धं बोलणं तिरकस असतं आणि यंत्र ते सरळ करून टाकतं. एका घटनेची किमान दोन वर्णनं वाचा, एक कॅटलन बाजूचं, एक वालेन्सियातल्या स्पॅनिश वर्तमानपत्राचं. तारीख दोन्हीकडे जुळली तरच ती लेजर पेपरवर शाईने लिहा. तोपर्यंत पेन्सिल. आणि ज्याची खात्री झाली नाही ते व्यासपीठावर 'असं म्हणतात' लावून दडपू नका, सरळ गाळा.

प्रश्न येणारच

नाशिकमध्ये तीन प्रश्न हमखास येतात.

पहिला कोकणीचा. मराठी आणि कोकणी यांचंही असंच नाही का? हा प्रश्न तुम्ही स्वतःहून काढू नका, कारण मग लोक वालेन्सिया विसरून आपलं भांडण भांडायला लागतात. पण आला तर टाळूही नका. गोव्यात १९६७ साली जनमत कौल झाला आणि गोवा महाराष्ट्रात विलीन झाला नाही. १९९२ साली कोकणी आठव्या अनुसूचीत आली. हे सांगून लगेच फरक सांगा. गोव्यात वेगळी भाषा म्हणणारे जिंकले आणि राज्यव्यवस्थेने ते मान्य केलं. वालेन्सियात अकादमीने उलटा निर्णय दिला आणि रस्त्यावरचा वाद तरीही पूर्ण मिटला नाही. शिवाय तिथे दोन्ही बाजूंच्या डोक्यावर तिसरी, सत्तेची भाषा बसलेली होती. आपल्या लोकांना हा फरक पटकन कळतो, आणि सभा शांत राहते.

दुसरा प्रश्न सटाणा, मालेगावकडचा श्रोता विचारतो. "मॅडम, मग आमच्या अहिराणीचं काय?" हा प्रश्न मला मनापासून आवडतो. जनगणनेत खानदेशी ही वेगळी भाषा म्हणून मोजली जाते आणि त्याच जनगणनेच्या फॉर्मवर कितीतरी अहिराणी घरं 'मराठी' लिहितात. अहिराणी वेगळी की मराठीचीच, याचा निवाडा व्यासपीठावरून देऊ नका. त्याऐवजी विचारणाऱ्याला विचारा की घरात मुलांशी कोणत्या भाषेत बोलता, शाळेत मास्तरांशी कोणत्या, आणि बँकेत कोणत्या. फुस्तेर यांचं पुस्तक नेमकं हेच विचारतं: कोणत्या दारात शिरताना माणूस आपली भाषा बाहेर काढून ठेवतो? बहुतेक वेळा मागच्या रांगेतला आणखी कुणीतरी उत्तर द्यायला उठतो. उठू द्या.

तिसरा प्रश्न कॅटलोनियाच्या स्वातंत्र्याचा, २०१७ च्या सार्वमताचा. हा राजकारण वाचणाऱ्या तरुणांकडून येतो. थोडक्यात उत्तर द्या: फुस्तेर त्याच्या पंचवीस वर्षं आधी गेले, ते डाव्या विचारांचे होते, वालेन्सियाचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने बार्सिलोनाच्या शेपटीला बांधलेला नव्हता. आज ते असते तर काय म्हणाले असते, याचं उत्तर देऊ नका. मेलेल्या साक्षीदाराच्या तोंडी जबाब घालत नाहीत.

उरलं माहितीपत्रक. एक पान पुरे, दोन्ही बाजूंनी छापलेलं. एका बाजूला तुम्ही हाताने काढलेला नकाशा, त्याचीच झेरॉक्स. दुसऱ्या बाजूला दोन रकान्यांची तारखांची यादी, निवडक पंधरावीस नोंदी, आणि खाली थोडी रिकामी जागा. ते लोक आत येतानाच हातात द्या, शेवटी देऊ नका; नकाशा हातात असला की १२३८ पासून १९६२ पर्यंतचा प्रवास लोक बोटाने करतात. छपाईला टाकण्याआधी तारखा दुसऱ्या कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. माझ्याकडे हे काम ऑफिसातला क्लार्क करतो. तो लेखकाचं नाव अजून चुकीचं उच्चारतो, पण १७०७ आणि १७१४ मधली गल्लत त्याच्या नजरेतून कधी सुटत नाही.